वर चालू, खाली बंद

मानसिंग सर वर्गात आले की मागच्या बाकावरून हमखास दबका आवाज यायचा, "बटणवाले आले." सरांना ते ऐकू जायचं, पण ते काही बोलायचे नाहीत, कारण विषयच तसा होता. सत्त्याण्णव साली बारामतीच्या त्या कॉलेजात कॉम्प्युटरच्या पोरांना एक नवाच पेपर लागला होता. नाव इंग्रजी आणि हातभर लांब. मथितार्थ एवढाच, की यंत्र असो नाहीतर कॉम्प्युटरचा पडदा, माणसाला तो कुणाला न विचारता, न चुकता वापरता आला पाहिजे. पोरांनी त्याचा बटणांचा विषय करून टाकला.

पहिल्याच तासाला सरांनी वाचायची पुस्तकं फळ्यावर लिहून दिली. सगळी परदेशी, सगळी जाडजूड, आणि लायब्ररीत त्यातलं एकच. ते एस.टी. स्टँडसमोरच्या झेरॉक्सवाल्याकडं गेलं आणि वर्गात जितकी डोकी तितकी पिल्लं घालून परत आलं.

"पहिल्या पानापासून वाचा," सर म्हणाले. "मधूनच उघडू नका. हे गाईड नाही."

गाईडवर वाढलेल्या पोरांना हे सांगणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. पोरांनी पुस्तक मधूनच उघडलं. सारजानंही तेच केलं, फक्त तिचं कारण वेगळं होतं.

सारजा कळंबची. तिच्या आजोबांनी जन्मभर मेंढरं वळली. बापानं, सोनबानं, कळप मोडून ऊस लावला आणि दावणीला म्हशी बांधल्या. घरात कॉलेजची पायरी चढलेली ती पहिलीच, त्यामुळं गावात तिच्या शब्दाला तिच्या वयापेक्षा जास्त वजन आलं होतं. पण बारावीपर्यंतचा अभ्यास मराठीतून झालेला. इंग्रजी वाक्य लांबलं की शेवटाला पोचेपर्यंत सुरुवात निसटायची. मग तिनं आपल्यापुरता मार्ग काढला. पुस्तकात चित्रं भरपूर होती. चित्राला कुठं भाषा असते, असं म्हणत तिनं सगळी चित्रं पाहिली, खुणा केल्या, आणि पुस्तक वाचून झालं असं स्वतःला सांगितलं. हट्टी होती पोरगी, आणि हुशारही. हुशार माणूस फसला की खोलवर फसतो.

तोंडी परीक्षेसाठी सरांनी काम दिलं होतं. घरातली अशी एक वस्तू शोधायची, जी वापरताना माणसाचा घोटाळा होतो. पुस्तकाच्या आधारानं ती सुधारायची आणि वर्गात येऊन सांगायचं.

सारजाला वस्तू शोधावी लागली नाही. वस्तीवर गोठ्याशेजारच्या पत्र्याच्या छपरात कडबाकुट्टी होती. मोठं चाक, चाकावर पाती, आणि मागं मोटर. पुढून वैरण घातली की बारीक तुकडे होऊन खाली पडत. उसाचा हंगाम आला की म्हशींना उसाचं वाढं, म्हणजे शेंड्याचा हिरवा पाला, आणि ओलं वाढं म्हटलं की ते पात्याशी अडकणारच. ते काढायला आत हात घालावा लागे. हे काम लाईट गेल्यावर करायची सगळ्या गावाची रीत होती. मशीन तसंही बंदच असायचं.

गोम इथंच होती. लाईट गेली तरी कळंबात कुणी बटण बंद करत नसे. चालूच ठेवायचं, म्हणजे लाईट आली की आपोआप कळतं. विहिरीची मोटर तशी, घरातला दिवा तसा, आणि कुट्टीही तशीच. मागच्या साली शेजारच्या गेणबाचा अंगठा असाच गेला. हात आत होता आणि लाईट आली. त्या दिवसापासून सोनबानं घरात नियम केला, आधी बटण बंद, मग हात. पण लाईट नसताना मुकं मशीन चालू आहे की बंद, हे लांबून ओळखणार कसं? आणि पुस्तकात तर या दुखण्याचं औषध चित्रासकट छापलेलं होतं.

चित्रात भिंतीवरचं बटण होतं. ते वर केलं की बाणापुढचा दिवा पेटलेला, खाली केलं की विझलेला. वर म्हणजे चालू, खाली म्हणजे बंद. किती सरळ! पाणी चढतं तेव्हा वर, उतरतं तेव्हा खाली. घरचं बटण मात्र बरोबर उलटं होतं. चित्राखाली बारीक अक्षरांत दोन-तीन ओळी होत्या. चित्र समजल्यावर ओळी कोण वाचतं?

शनिवारी घरी आल्या आल्या तिनं भावाला कामाला लावलं. भिमानं आधी बोर्डावरचा चिनीमातीचा पांढरा फ्यूज उपटला आणि खिशात घातला.

"खिशात असला की कुणाच्या बापाला मशीन चालू करता येत न्हाय," तो म्हणाला. मग दोन स्क्रू काढून बोर्ड उलटा फिरवला, पुन्हा भिंतीला आवळला आणि फ्यूज परत बसवला. ट्रॉली रंगवून उरलेल्या लाल रंगानं सारजानं वर 'चालू' लिहिलं, खाली 'बंद' लिहिलं, आणि चार पावलं मागं जाऊन बघत राहिली. पाहणाऱ्यालाही कौतुक वाटावं असं नेटकं काम झालं होतं.

तिनं सगळ्यांना बोलावून समजावलं. सोनबानं मान डोलावली. आईला, लीलाबाईला, अक्षरओळख नव्हती, म्हणून तिच्याकडून तिनं घोकून घेतलं.

"वर चालू, खाली बंद," लीलाबाई म्हणाली. "कळलं गं बाई. मी काय कुक्कुलं बाळ हाय का?"

वहिनी, भिमाची बायको नकोशी, तेवढी घरात नव्हती. स्वतःच्या भावाच्या लेकराच्या बारशाला ती माहेरी, लोणी देवकरला गेली होती.

*

तोंडी परीक्षेच्या दिवशी फेब्रुवारी संपत आला होता आणि वर्गात पंखा लागला होता. सारजाचा नंबर आला. ती फळ्याजवळ उभी राहिली आणि तिनं कुट्टी सांगितली, गेणबाचा अंगठा सांगितला, लाईटची वाट बघत चालू ठेवलेली बटणं सांगितली. वर्ग गप्प होऊन ऐकत होता. सरांनी हातातला पेन खाली ठेवला, हे तिनं पाहिलं आणि तिचा आवाज आणखी चढला. मग तिनं पुस्तकातलं चित्र दाखवलं आणि बोर्ड कसा फिरवला ते सांगितलं.

"वस्तू फार चांगली निवडलीस," सर म्हणाले. "चित्राखाली काय लिहिलंय?"

सारजानं पान पुन्हा डोळ्यांजवळ नेलं.

"वाचलं नाहीस?"

"चित्र समजलं होतं, सर."

सरांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, आणि म्हणूनच तिला भीती वाटायला लागली. "तो पंखा बंद कर बरं जरा," ते म्हणाले.

ती दाराजवळच्या बोर्डाकडं गेली, हात उचलला आणि खट्‌दिशी बटण दाबलं. पंखा मंदावला.

"हात तिथंच राहू दे. बटण वर आहे की खाली?"

तिनं पाहिलं. बटण वर होतं. लाल रंगानं स्वतः 'खाली बंद' लिहिणाऱ्या पोरीचा हात बंद करताना वर गेला होता, आणि डोक्याला त्याचा पत्ताही नव्हता. वर्ग हसला. सरांनी पुस्तक उघडून चित्राखालच्या ओळी मराठीत करून वाचल्या. "हे चित्र आमच्याकडचं आहे. पुष्कळ देशांत याच्या उलट असतं. त्या घरातले हात कशाला सरावलेत ते आधी बघा, मग भिंतीला हात लावा." पुस्तक मिटून ते म्हणाले, "घरी सगळ्यांना सांगितलंयस ना?"

"सांगितलंय, सर."

म्हणाली आणि तिला आठवलं. वहिनी. वहिनी आज सकाळच्या गाडीनं परत यायची होती. कळंबची लाईट या आठवड्यात सकाळी जात होती आणि दुपारी दोनच्या सुमारास येत होती. वहिनी येणार, पदर खोचणार, आणि आधी कुट्टी साफ करायला घेणार. ते तिचंच काम होतं. सासऱ्याचा नियम ती कधी मोडत नसे, आधी बटण बंद, मग हात. ती बटण बंद करणार म्हणजे वर करणार. जसं आपण आत्ता पंखा बंद करताना केलं. आणि वर म्हणजे आता चालू. अक्षरं तिला वाचता येत नाहीत. तिचा हात आत असणार आणि लाईट येणार.

"सर, मला घरी जायला पाहिजे," ती म्हणाली, आणि परवानगीची वाट न बघता वर्गाबाहेर पडली.

कॉलेजच्या फाटकासमोर फोनचं बूथ होतं. कळंबात किराणा दुकानदार कुंडलिकाकडं फोन होता आणि अख्ख्या गावाचे निरोप तोच पोचवायचा. तिनं नंबर फिरवला. या मार्गावरच्या सगळ्या लाईनी व्यस्त आहेत, असं एक बाई अगदी गोड आवाजात सांगायला लागली. पुन्हा फिरवला, पुन्हा तीच बाई. त्या गोड आवाजाचा तिला एवढा संताप कधी आला नव्हता. शेवटी एकदाची घंटी वाजली.

"कुंडलिकदादा, मी सारजा. सोनबाची. आमच्या वस्तीवर निरोप द्यायचाय, आत्ताच्या आत्ता."

"काय झालं गं? घाबरल्यावानी बोलतीस."

"नकोशीवहिनीला सांगा, कुट्टीच्या बटणाला हात लावू नको म्हणावं. मशिनीलाच हात लावू नको. बटण उलटं झालंय, तिला माहीत नाही. मी निघालेच आहे म्हणावं."

"बरं. नकोशीलाच सांगायचं ना? का घरात आनी कुणाला?"

"वहिनीलाच. आईला ठाऊक आहे."

"दुकानात गिऱ्हाईक हाय. झालं की जातो."

"दादा, गिऱ्हाईक राहू द्या हो," ती म्हणाली, पण तोवर फोन कट झाला होता.

गिऱ्हाईक झालं की! कळंबातलं गिऱ्हाईक पावशेर साखर घेतं आणि तासभर बोलतं. ती स्टँडकडं पळाली. वालचंदनगरची गाडी फलाटावरून निघतच होती, ती हात दाखवत दारातून आत चढली.

गाडी गच्च भरली होती. ती उभ्यानंच खिडकीतून बाहेर बघायला लागली. रस्त्याच्या दोन्ही अंगांना विहिरी होत्या आणि विहिरींच्या कडेला पाईपांची तोंडं. पाईप कोरडे होते. याचा अर्थ लाईट आलेली नव्हती. बटणं सगळी चालूच असणार. लाईट आली की सगळे पाईप एकदम ओतायला लागणार. घड्याळात बघायची गरजच नव्हती. तिची नजर एका विहिरीवरून पुढच्या विहिरीवर उड्या मारत होती आणि प्रत्येक कोरडा पाईप दिसला की तिला देवानं आणखी थोडा वेळ दिल्यासारखं वाटत होतं.

भवानीनगरला गाडी उसाच्या बैलगाड्यांमागं अडकली. गाड्या शिगोशिग भरलेल्या, रस्ता अरुंद, आणि बैलांना कुणाची घाई ठाऊक नाही. ड्रायव्हरनं हॉर्न वाजवून वाजवून हात टेकले. सारजानं हातातलं झेरॉक्सचं पुस्तक छातीशी धरलं होतं. तिला ते खिडकीतून भिरकावून द्यावंसं वाटलं. मग वाटलं, पुस्तकाची काय चूक? पुस्तकानं सांगितलं होतं, आपण ऐकलं नव्हतं. दोन ओळी. दोन ओळी वाचायचा कंटाळा केला. वहिनीचा हात तिच्या डोळ्यांपुढं यायला लागला. हिरव्या बांगड्यांचा, मनगटावर गोंदलेला. त्याच हातानं ती सारजाची वेणी घालून द्यायची, हॉस्टेलला जाताना दशम्या बांधून द्यायची. घरातल्यांनी जन्मताच नको म्हटलेली ती पोर, पण या घरात आल्यापासून नाही म्हणून ठाऊक नव्हतं तिला.

लासुर्णे मागं पडलं. पाईप कोरडेच होते. जंक्शन गावाच्या अलीकडं एका विहिरीजवळ दोन पोरं पाटात पाय सोडून बसली होती. सारजा बघत असतानाच पाईपानं एक उचकी दिली, गढूळ पाण्याची चूळ टाकली, आणि पाणी धो धो पडायला लागलं. पोरं नाचायला लागली. पुढच्या विहिरीवर पाणी. त्याच्या पुढच्याही.

लाईट आली होती.

सारजा खाली बसली, तिथंच, कुणाच्या तरी पिशवीवर. एक बाई म्हणाली, "अगं, अंडी हायती त्यात." तिला ऐकू आलं नाही. आता फक्त कुंडलिकावर भिस्त होती. त्याच्या गिऱ्हाइकावर, त्याच्या सायकलीवर. कुंडलिकदादा वेळेत पोचू दे, एवढंच ती मनात म्हणत राहिली.

कळंबला उतरल्यावर ती वस्तीपर्यंत पळत गेली. चप्पल कुठं गळाली तिला कळलं नाही. छपरातून मशीनचा आवाज येत नव्हता. अंगणात कुणी नव्हतं. आणि मग घराच्या दारात वहिनी दिसली, उंबऱ्यावर बसलेली.

सारजानं तिचे दोन्ही हात धरले आणि वर उचलून बघितले. बोटं सगळी जागच्या जागी होती. सारजा रडायलाच लागली. "वैनी, निरोप मिळाला का गं? मिळाला ना?"

"मिळाला," नकोशी म्हणाली. तिचा आवाज बसला होता. "कुंडलिकदादा सवता सायकलीवर आले. मी हातच लावला न्हाय, वन्सं."

तेव्हा सारजाच्या ध्यानात आलं, की वहिनीचे हात मनगटापर्यंत हळदीनं माखलेत आणि हळदीखाली लाल आहे.

"मग हे कशाचं?"

नकोशीनं हात सोडवून मागं घेतले. "वाढं अडाकलं व्हतं. मी म्हणलं, राहू द्या, वन्सं येत्याल. तर आत्याबाई म्हणल्या, तुला म्हाईत न्हाय त्या बटणाचं, मला म्हाईत हाय. तू सर बाजूला, मी काढते."

*

लीलाबाईच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली. वालचंदनगरच्या दवाखान्यात तिला खाट मिळाली आणि भेटायला अख्खं कळंब लोटलं. येणारा प्रत्येक जण आधी हळहळायचा आणि मग तेच म्हणायचा. पोरीनं सांगितलं होतं, लिहून ठेवलं होतं, लाल रंगानं लिहिलं होतं. आता म्हातारपणी ध्यान राहत नाही, दुसरं काय! सोनबा तर बायकोवर चिडलाच. "पाठ करून घेतलं व्हतं ना तुझ्याकडनं? तरी तू इसरलीस."

"व्हय, माझंच चुकलं," लीलाबाई म्हणाली. "पोरीला कुणी बोल लावू नका." मग ती पट्ट्या बांधलेल्या हाताकडं बघत राहिली. "इसरले बी न्हवते वो मी. त्वांडानं म्हणत व्हते, खाली बंद, खाली बंद. अन् हात वरच गेला. डोक्याला सांगितलं व्हतं पोरीनं. हाताला कुणी सांगितलं?"

सारजा खाटेच्या पायथ्याशी उभी होती. "आई, चूक माझी आहे," ती म्हणाली. "बोर्ड मी फिरवला. आबा, तिला बोलू नका."

तिचं कुणी मनावर घेतलं नाही. "तू बरंच कराया गेली व्हतीस," सोनबा म्हणाला. शेजारणीनं तिच्या पाठीवरून हात फिरवला. शिकलेल्या पोरीची चूक असते हे मानायलाच कुणी तयार नव्हतं. चूक अंगाला लावून घ्यायची म्हटली तरी ती दर वेळी घरंगळत म्हातारीच्या पदरात जात होती, आणि म्हातारी ती गपचूप घेत होती. सारजाला स्वतःची जितकी चीड आली, तितकी कधी कुणाची आली नव्हती.

त्या संध्याकाळी घरी येऊन तिनं स्क्रू काढले आणि बोर्ड पुन्हा होता तसा फिरवला. लाल अक्षरं पात्यानं खरवडून काढली. आबांना सांगितलं, भिमाला सांगितलं, वहिनीला बोर्डापुढं उभं करून सांगितलं, आता पहिल्यासारखं. खाली चालू, वर बंद. सगळ्यांना हायसं वाटलं. आईला काही सांगायची गरज नव्हती. तिच्या हाताला तर हेच ठाऊक होतं.

मग तिनं रजा काढली आणि दवाखान्यात आईजवळ राहिली. तिथं बसून तिनं पुस्तक पहिल्या पानापासून वाचायला घेतलं. शब्दकोश मांडीवर घेऊन, एकेक ओळ. आई डोळे मिटून पडलेली असायची आणि तिचा डावा हात पांघरुणावर वर-खाली, वर-खाली होत असायचा. ठणका लागला असेल म्हणून सारजा तो हात आपल्या हातात घेऊन दाबत बसायची.

*

लीलाबाईला घरी आणलं त्या दिवशी सकाळपासून लाईट नव्हती. नकोशीनं सासूवरून भाकरतुकडा ओवाळून टाकला, तिला बाजेवर बसवलं आणि ती छपराकडं गेली. म्हशी ओरडत होत्या. कुट्टीत पुन्हा वाढं अडकलं होतं.

सारजा चुलीपुढं चहा करत होती. तिला बाहेरून आईचा आवाज आला.

"थांब गं नकोशे. आधी बटण. मी करते बंद. आता न्हाय माझा हात चुकायचा."

"करा, आत्याबाई," नकोशी म्हणाली. ती चाकाच्या मागं उकिडवी बसली होती. तिथून बोर्ड दिसत नव्हता.

"केलं बग बंद. घाल हात."

सारजा चहाचे पेले घेऊन दारात आली. तिला आई दिसली, डाव्या हातानं छपराचा खांब धरून उभी, चेहऱ्यावर पहिल्यांदाच थोडं हसू. तिच्या शेजारी बोर्ड. बोर्डावरचं बटण खाली होतं.

पेले हातातून पडले. सारजा ओरडली नाही, ओरडायला वेळच नव्हता. तिनं धावत जाऊन वहिनीचं मनगट धरलं आणि सगळं बळ लावून ओढलं. दोघी मागं चिपाडांवर पडल्या. दोन बांगड्या फुटल्या. "काय झालं, वन्सं?" नकोशी म्हणाली. म्हशी ओरडत होत्या, लीलाबाई गोंधळून दोघींकडं बघत होती. सारजानं वहिनीचं मनगट सोडलं नव्हतं.

तेवढ्यात मोटर गुरगुरली. चाक हललं, मग फिरायला लागलं, आणि पात्यांनी अडकलेलं वाढं कचाकच तोडून बाहेर फेकलं.

लीलाबाई मटकन खाली बसली. "खालीच केलं की गं मी," ती म्हणाली. "तूच सांगितलंस, खाली बंद. दवाखान्यात निजून रोज हाताला शिकवलं, वर चालू, खाली बंद. डाव्या हाताला शिकवलं. आता ह्या हाताला यायला लागलंय."

सारजाला पांघरुणावरचा तो हात आठवला. आपण तो धरून बसलो होतो. शिकणारा हात आपण दाबून धरला होता, आणि विचारलं नव्हतं, आई, हे काय करतीस? बोर्ड पहिल्यांदा फिरवला तेव्हा कुणाचा हात पाहिला नव्हता. दुसऱ्यांदा फिरवला तेव्हाही नाही. दोन्ही वेळा वाटलं होतं, आपण सुधारतोय. तिला लाज वाटली, अगदी आतून, आणि या वेळी कुणी ती तिच्याकडून काढून घेऊ शकत नव्हतं.

चाक फिरतच होतं. ती उठून बोर्डापाशी गेली, बटणाकडं हात नेला, आणि तो मधेच थांबला. वर की खाली? आता तिचं तिलाच कळेना. तिनं बटण सोडलं आणि वरचा पांढरा फ्यूज धरून उपटला. चाक हळूहळू थांबलं.

फ्यूज तिच्या तळहातावर होता, उबदार, लिंबाएवढा. भिमानं तो खिशात घालून म्हटलेलं तिला आठवलं. त्या वेळी ती चित्राच्या नादात होती.

ती वहिनीजवळ गेली. "वैनी, हे तुझ्याजवळ ठेव. ज्याचा हात आत जाईल त्यानं आधी हे काढायचं आणि स्वतःजवळ ठेवायचं. हात बाहेर आला, की मग परत लावायचं."

नकोशीनं फ्यूज उलटासुलटा करून पाहिला. "हे माझ्याजवळ असलं तर चालू व्हत न्हाय?"

"नाही. लाईट येऊ दे, नाहीतर कुणी बटण कुठंही करू दे."

लीलाबाई खांबाला टेकून ऐकत होती. "म्हंजी वर काय अन् खाली काय, सारखंच?"

"सारखंच, आई."

"अन् ध्यानात कुणी ठिवायचं?"

"कुणीच नाही," सारजा म्हणाली. "तुला काही ध्यानात ठेवायचं नाही. तुझं काही चुकलं नव्हतं."

लीलाबाईनं लेकीकडं बघितलं. इतके दिवस कोरडे राहिलेले तिचे डोळे आत्ता भरून आले. तिनं डावा हात मांडीवर ठेवला आणि तो तिथं स्वस्थ पडू दिला.

नकोशीनं फ्यूज कनवटीला खोचला, चाकामागं बसली, आणि पात्याशी उरलेलं वाढं ओढून काढलं.